पाणी कोणत्या गिलासात जास्त?

शिक्षक पात्रता परीक्षेच्या, म्हणजे टीईटीच्या, पेपरात दीडशे प्रश्न असतात. त्यातले तीस बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्राचे. महाराष्ट्रात ही परीक्षा 2013 पासून होते आहे, आणि त्या तिसांत जीन पियाजेवर एखादा तरी प्रश्न येणार हे छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात पुस्तकांच्या दुकानासमोर उभं राहून गाईड चाळणारा कुणीही उमेदवार सांगेल. गाईडात पियाजेला अर्धं पान मिळतं. त्या अर्ध्या पानात चार ओळींचा तक्ता असतो: जन्म ते 2 वर्षं संवेदक-कारक अवस्था, 2 ते 7 पूर्वक्रियात्मक, 7 ते 11 मूर्त क्रियात्मक, 11 च्या पुढे औपचारिक क्रियात्मक. तक्ता पाठ झाला की विषय संपला.

1 सप्टेंबर 2025 ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी असलेल्या, आधीपासून नोकरीत असलेल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावं, असं न्यायालयाने सांगितलं. त्यामुळे वीस-वीस वर्षं पहिलीचा वर्ग सांभाळलेल्या बाईही आता सात वर्षांच्या मुलाला काय कळतं हे गाईडात वाचताहेत. त्यांना ते गाईडपेक्षा जास्त माहीत असण्याची शक्यता बरीच आहे. हे प्रकरण त्यांच्या बाजूने लिहिलेलं आहे, आणि थोडंसं पियाजेच्याही.

तक्ता डोळ्यांपुढून बाजूला केला की पियाजे फार रंजक माणूस निघतो. जन्म 1896 चा, स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेल गावचा. शाळकरी वयात, 1907 मध्ये, त्याने एका पांढऱ्या चिमणीवर छोटंसं टिपण छापून आणलं. पुढे गोगलगायी आणि शिंपल्यांतले मृदुकाय प्राणी हा त्याचा विषय झाला, आणि डॉक्टरेटही त्यावरच. मुलांकडे तो वळला पॅरिसमध्ये. आल्फ्रेड बिने या बुद्धिमापनाच्या आद्य माणसाचे सहकारी तेओदोर सिमों यांनी त्याला एक कंटाळवाणं काम दिलं होतं: सिरिल बर्टच्या इंग्रजी चाचण्या फ्रेंच मुलांना सोडवायला द्यायच्या आणि कोणत्या वयात किती मुलांची उत्तरं बरोबर येतात ते मोजायचं. पियाजेचं लक्ष गेलं चुकलेल्या उत्तरांकडे. एका वयाची मुलं साधारण सारख्याच तऱ्हेने चुकतात, आणि थोडी मोठी झाली की वेगळ्या तऱ्हेने चुकतात, हे त्याच्या ध्यानात आलं. मग तो मुलांना विचारत बसला: असं का वाटतं तुला? ही पद्धत त्याने गोगलगायींचं निरीक्षण करणाऱ्याच्या चिकाटीने आयुष्यभर चालवली. 1925 ते 1931 या काळात झालेल्या स्वतःच्या तीन मुलांच्या पाळण्याशेजारी बसून वह्या भरल्या. 1980 मध्ये जिनिव्हात वारला तोवर तो आपल्या सिद्धांताची डागडुजी करतच होता.

त्याचा सगळ्यात प्रसिद्ध प्रयोग घरच्या ओट्यावर करता येतो. दोन सारखे काचेचे गिलास घ्या, दोन्हींत सारखं पाणी भरा. पाच वर्षांच्या मुलाला विचारा, सारखं आहे ना? ते खाली वाकून, डोळा पाण्याच्या पातळीला आणून तपासेल आणि हो म्हणेल. आता त्याच्यादेखत एका गिलासातलं पाणी उंच, निमुळत्या भांड्यात ओता.

“आता?”

“ह्याच्यात जास्तंय.”

“का रे?”

“हे बघा ना, इथवर आलंय.”

पाणी परत पहिल्या गिलासात ओता, ते म्हणेल सारखं. पुन्हा उंच भांड्यात ओता, पुन्हा जास्त. आपण आत्ताच उलटं बोललो याची त्याला जराही ओशाळगत नसते. सात-आठ वर्षांचं भावंड शेजारी असेल तर ते हसतं आणि वैतागून म्हणतं, “अरे तेच पाणी आहे, आपण कुठं वाढवलं?” पियाजेचं म्हणणं असं: लहान मूल एका वेळी एकच बाजू धरतं, उंची किंवा रुंदी. झालेली क्रिया मनात उलटी फिरवून पाहणं त्याला अजून साधत नाही. मोठ्या भावंडाला ते साधतं. मधल्या काळात त्याच्या विचाराची घडणच बदललेली असते, माहितीत नुसती भर पडलेली नसते.

ज्यांनी हा प्रयोग केला नसेल त्यांनी तो जरूर करावा, कारण यात हातचलाखी नाही. मुलं खरोखर असं बोलतात. पियाजेच्या टीकाकारांनीही हे कधी नाकारलं नाही. भांडण आहे ते त्यातून काय निष्कर्ष काढायचा यावर.

पहिली शंका प्रश्नाबद्दलच आली. पियाजे एकच प्रश्न दोनदा विचारतो, ओतण्याआधी आणि ओतल्यानंतर. आपल्या कोणत्याही वर्गात गुरुजींनी उत्तर ऐकून “बघ बरं परत” म्हटलं की मुलाला काय समजतं? पहिलं उत्तर चुकलं. ते लगेच दुसरं देऊन मोकळं होतं. 1974 मध्ये रोझ आणि ब्लँक या संशोधकांनी पहिला प्रश्न गाळून फक्त नंतरचा विचारला, तर सहा वर्षांच्या मुलांच्या चुका कमी झाल्या. त्याच वर्षी स्कॉटलंडमध्ये मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी आणखी गमतीची युक्ती केली. सोंगट्यांच्या दोन सारख्या रांगा मांडल्या आणि एक रांग पसरवण्याचं काम मोठ्या माणसाऐवजी ‘खोडकर टेडी’ नावाच्या अस्वलाकडे दिलं. ते येतं, रांग विस्कटतं, पळतं. चार ते सहा वर्षांच्या 80 मुलांपैकी नेहमीच्या पद्धतीत 13 मुलांनी सोंगट्या तेवढ्याच आहेत असं सांगितलं होतं. अस्वलाने उपद्व्याप केल्यावर 50 जणांनी. मोठ्या माणसाने मुद्दाम काही हलवलं की त्यात काहीतरी अर्थ असणार असं मूल धरून चालतं. अस्वलाचं काय, ते खोडकरच.

इथे बरीच लोकप्रिय पुस्तकं पियाजेला निरोप देतात. ती घाई होते. 1986 मध्ये मूर आणि फ्राय यांनी त्याच अस्वलाला खरोखर सोंगटी काढून घ्यायला किंवा वाढवायला लावलं, तर मुलं तरीही ‘तेवढंच’ म्हणू लागली. म्हणजे अस्वलाने मुलांचं शहाणपण उघडं केलं हे थोडं खरं, आणि अस्वलाने त्यांचं लक्षच उडवलं हेही थोडं खरं. माझ्या मते या वादाचा निकाल असा: पियाजेने मुलांची कुवत कमी धरली, पण पाच वर्षांच्या आणि आठ वर्षांच्या मुलाच्या विचारातला फरक त्याने कल्पनेने रचलेला नाही.

तीन डोंगरांच्या प्रयोगाचीही तीच गत. टेबलावर तीन डोंगरांची प्रतिकृती, पलीकडे बाहुली; बाहुलीला काय दिसतं ते चित्रांतून निवड. चार वर्षांचं मूल स्वतःला दिसणारं चित्र उचलतं, म्हणून पियाजे म्हणाला की ते स्वतःच्या जागेवरून हलूच शकत नाही. 1975 मध्ये मार्टिन ह्यूजने डोंगर काढून भिंती ठेवल्या आणि मुलांना सांगितलं, पोलिसाला दिसणार नाही अशा जागी बाहुल्याला लपव. साडेतीन ते पाच वर्षांच्या मुलांची दहातली नऊ उत्तरं बरोबर आली. लपाछपी खेळलेल्या पोराला दुसऱ्याला काय दिसतं हे कळतं, फक्त विचारणाऱ्याने लपाछपीच्या भाषेत विचारायला हवं. तान्ह्या बाळांबाबत तर पियाजे बराच मागे पडला. 1985 मध्ये रेने बायार्जों, एलिझाबेथ स्पेल्की आणि स्टॅन्ली वासरमन यांनी दाखवलं की पडद्यामागे गेलेली वस्तू तिथेच आहे हे पाच महिन्यांच्या बाळालाही जाणवतं. न घडणारी गोष्ट घडताना दिसली की ते जास्त वेळ टक लावून बघतं. पियाजेच्या हिशेबात ही जाण पुढे कित्येक महिन्यांनी यायची, कारण तो बाळाने हात घालून वस्तू शोधण्याची वाट पाहत होता.

मला स्वतःला यापेक्षा महत्त्वाचा वाटतो तो पाणी कोण ओततं हा प्रश्न. 1960 च्या दशकात पॅट्रिशिया ग्रीनफील्ड सेनेगलमध्ये वोलोफ भाषक मुलांबरोबर हाच पाण्याचा प्रयोग करत होती. शाळेत न जाणारी बरीच मुलं म्हणाली, पाणी वाढलं, कारण तुम्ही ओतलंत. परक्या बाईच्या हातात काही करामत असेल, कोण जाणे. मग तिने पाणी मुलांनाच ओतायला दिलं. उत्तरं कितीतरी सुधारली. 1969 मध्ये मेक्सिकोत दिसलं की कुंभारांच्या मुलांना मातीचा गोळा लांबवला तरी माती तेवढीच राहते हे त्याच वयाच्या इतर मुलांपेक्षा चांगलं कळतं. हात ज्यात मळलेला असतो तिथे डोकंही लवकर पोचतं.

आता आपल्या शहराकडे पाहू. संभाजीनगरला पाणी येतं जायकवाडीच्या नाथसागरातून, आणि बऱ्याच वसाहतींत ते गेली कित्येक वर्षं आठवड्यातून एकदा, कधी त्याहूनही उशिरा येत आलं आहे. पाण्याच्या दिवशी घरात शाळेचा नियम चालत नाही. नळी धरायला पोरगं, टाकीवर नजर ठेवायला पोरगी, आणि आई मधून ओरडते: ड्रम भरला का, हंडे घ्या आता. आठ वर्षांच्या मुलीला विचारा, या निळ्या ड्रममधून किती हंडे निघतील. ती आकडा सांगेल आणि वर बजावेल की तळाचं गाळाचं धरायचं नाही. बुटकी, पसरट बादली उंच कळशीपेक्षा कमी दिसते पण तीत जास्त मावतं, हे तिला जिनिव्हाहून शिकवावं लागत नाही. तिची पाच वर्षांची बहीण याच दिवशी मगाने पाणी इकडून तिकडे करत असते, आणि आईच्या शिव्या खात का होईना, पियाजेच्या प्रयोगाची पूर्वतयारी करत असते. आपल्या विद्यापीठातल्या एखाद्या एम.एड.च्या विद्यार्थ्याला प्रबंधाला विषय हवा असेल तर टँकरच्या वस्तीतली पाच-सहा वर्षांची मुलं आणि चोवीस तास टाकी भरलेल्या इमारतीतली मुलं यांना तो प्रयोग सारख्या पद्धतीने करून पाहावा. नुसतं ग्रंथालयात बसून चार अवस्थांचा आढावा लिहिण्यापेक्षा ते बरं.

सिद्धांताला खरी भेग कुठे पडते ते पियाजेला स्वतःला ठाऊक होतं. शाडूचा गोळा लाटून वळी केली तर माती तेवढीच राहते हे मुलाला सात-आठच्या सुमारास कळतं. पण वजनही तेवढंच राहतं हे पटायला नऊ-दहा उजाडतं, आणि पाण्यात बुडवल्यावर पाणी तेवढंच वर चढेल हे कळायला अकरा-बारा. एकच गोळा, एकच मूल, एकच तर्क. अवस्था म्हणजे सगळ्या विचाराची एकसंध घडण असेल, तर ती माती, वजन आणि आकारमान यांना एकदम लागू व्हायला हवी. पियाजेने या मागेपुढे होण्याला फ्रेंचमध्ये एक भारदस्त नाव दिलं. नाव दिल्याने कारण सापडत नाही. तक्त्यात मात्र ही भेग कुठेच दिसत नाही, तिथे सातची रेघ पट्टीने आखलेली असते.

बाजारात गेलं की रेघ आणखी पुसट होते. 1985 मध्ये ब्राझीलच्या रेसिफे शहरात टेरेझिना कॅराहर, डेव्हिड कॅराहर आणि अॅनालुसिया श्लीमन यांनी रस्त्यावर नारळ-फळं विकणाऱ्या पाच मुलांकडून गिऱ्हाईक बनून खरेदी केली. बाजारातला हिशेब त्यांनी शंभरात 98 वेळा बरोबर केला. तेच हिशेब कागदावर उभी मांडणी करून दिल्यावर शंभरात 37. दहा नारळांचे पैसे सांगताना एक मुलगा तीन नारळांचे पैसे धरून पुढे तीन-तीनने चढत गेला आणि शेवटी एकाचे मिळवले. शाळेत शिकवलेलं ‘दहाने गुणताना पुढे शून्य द्या’ त्याला आठवलंही नाही. 2025 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात अभिजित बॅनर्जी, एस्तेर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी कोलकाता-दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या चौदाशेहून अधिक मुलांची पाहणी छापली. बाजारात अवघड व्यवहार तोंडी करणारी ही मुलं पुस्तकी गणितात अडखळली, आणि शाळेतली मुलं बाजारी हिशेबात. त्या सहकाऱ्यांत एलिझाबेथ स्पेल्की आहे, तीच तान्ह्या बाळांवाली. चाळीस वर्षांत पाळण्यापासून मंडईपर्यंतचा प्रवास झाला. मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या अरिंदम बोस आणि के. सुब्रमण्यम यांनी धारावीत घरच्या धंद्याला हातभार लावणाऱ्या मुलांकडे असलेलं मोजमापाचं आणि पैशांचं गणित तपासलं आहे.

शहागंजात भाजीच्या हातगाडीवर बापाशेजारी उभ्या राहिलेल्या दहा वर्षांच्या मुलाला चाळीस रुपये किलोची भेंडी पाऊण किलो मागा. तो काट्यावर हात ठेवूनच म्हणतो, “अर्ध्याचे वीस, पावाचे दहा, तीस द्या.” वहीत चाळीस गुणिले तीन चतुर्थांश लिहून दिलं की तोच मुलगा खोडरबर शोधतो. आता हा मूर्त क्रियात्मक अवस्थेत आहे की नाही? सकाळी शाळेत नाही, संध्याकाळी गाडीवर आहे, असं उत्तर द्यावं लागतं. मग अवस्था मुलाच्या डोक्यात आहे असं म्हणण्यात फारसा अर्थ उरत नाही. ती मूल, काम आणि प्रश्न यांच्या मध्ये कुठेतरी आहे.

वरच्या टोकालाही हेच. अकरानंतर माणूस ‘समजा असं असेल तर’ अशा कोऱ्या तर्काने विचार करू लागतो, असं तक्ता म्हणतो. पण पीटर वेसनचं 1966 चं चार पत्त्यांचं कोडं शिकलेल्या प्रौढांना घातलं तर दहातला एखादाच ते सोडवतो. पियाजेने 1972 मध्ये मान्य केलं की हा प्रगत विचार प्रत्येकात येईल, पण बहुधा ज्याच्या-त्याच्या आवडीच्या आणि कामाच्या क्षेत्रात. वाळूजच्या कारखान्यातला फिटर यंत्राचा आवाज ऐकून “बेअरिंग गेलं असतं तर गरम झालं असतं, गरम नाही, म्हणजे शाफ्ट बघा” असं म्हणतो तेव्हा तो औपचारिक क्रियात्मक विचारच करत असतो. त्याला पत्त्यांचं कोडं घालून नापास करणं सोपं आहे.

महाराष्ट्रात पियाजे गाईडाबाहेरही आला आहे. 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने ज्ञानरचनावाद आणला, म्हणजे मूल स्वतः ज्ञान रचतं हा पियाजेचा गाभा. साताऱ्याजवळच्या कुमठे बीटच्या जिल्हा परिषद शाळांनी तो करून दाखवला. 22 जून 2015 च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’च्या शासन निर्णयानंतर राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या कुमठ्याला निघाल्या. मराठवाड्यातल्याही कित्येक वर्गांच्या फरश्या रंगल्या, संख्यारेषा आल्या, मणी, काड्या, दशकाचे गठ्ठे आले, आणि रंगाचे पैसे अनेकदा गुरुजींच्याच खिशातून गेले. मुलं बाकावरून जमिनीवर उतरली हे मोठंच काम झालं. त्याच्या खूप आधी, 1945 पासून बोर्डीत आणि मग कोसबाडच्या टेकडीवर, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी पाड्यांवरच्या मुलांसाठी शंख-शिंपले, बिया, पानं हेच साहित्य केलं होतं. त्यांची प्रेरणा मुख्यतः मॉन्टेसोरी आणि गिजुभाई बधेका यांची, पण मुलाच्या हाताकडे बघायची नजर तीच.

फरशी रंगवल्यानंतर काही ठिकाणी मात्र एक गोष्ट राहून गेली. मुलाने काड्या मांडल्या, उत्तर चुकलं, तर “असं का मांडलंस?” विचारायला वेळ कुठे आहे? साहित्य पाहुण्यांसाठी मांडायचं आणि पाहुणे गेले की आवरून ठेवायचं, असंही झालं. द्विशिक्षकी शाळेत चार वर्ग एकत्र बसवून शिकवणाऱ्याला मी दोष देणार नाही. उलट तिथे अशी एक गोष्ट आपोआप घडते जी पियाजेच्या तक्त्यात नाही: तिसरीची पोरगी पहिलीच्या पोराला हातच्याचं समजावत असते. पियाजेच्याच वर्षी जन्मलेला आणि 1934 मध्ये क्षयाने गेलेला रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉट्स्की म्हणत होता की मुलाला एकट्याने काय जमतं त्यापेक्षा कुणाच्या मदतीने काय जमतं ते बघा. खेड्यातल्या शाळेला व्हिगॉट्स्की परवडतो, कारण तिथे दुसरा इलाजच नसतो.

तक्त्याचा दुरुपयोग दोन्ही बाजूंनी होतो. एक बाजू म्हणते, हे त्याच्या वयात जमणार नाही, आणि शिकवणंच टाळते. दुसरी बाजू सिडकोतल्या एखाद्या नर्सरीच्या जाहिरातीत दिसते: ज्युनिअर केजीतच दोन अंकी बेरीज. अमेरिकेत व्याख्यानांना गेलं की पियाजेला हटकून विचारत, या अवस्था लवकर कशा पार करता येतील? तो याला ‘अमेरिकी प्रश्न’ म्हणायचा. हा प्रश्न आता पुरता आपलाही झाला आहे. घाईला लगाम म्हणून तक्ता अजून उपयोगी पडतो हे कबूल. पण चार वर्षांच्या पोराला खेळू द्या म्हणायला त्याची गरज नाही. त्याच्या हातात पेन्सिल कोंबून पाहिली तरी ते कळतं.

तर पियाजेबद्दल माझं मत असं. वयाच्या रेघा ढिल्या आहेत, त्या सोडून द्याव्यात. विचार एकसंध टप्प्यांत बदलतो हा दावा टिकलेला नाही. मूल स्वतः विचार करतं, त्याच्या चुकीला कारण असतं, आणि ते कारण विचारल्याशिवाय कळत नाही, हे टिकलेलं आहे, आणि नेमकं तेच परीक्षेत विचारत नाहीत.

पहिलीला शिकवत असाल तर एक करा. दोन सारखे गिलास आणि एक उंच बाटली वर्गात न्या. पाणी मुलालाच ओतू द्या. प्रश्न एकदाच विचारा. उत्तर काहीही येवो, “असं का वाटतं तुला?” एवढंच विचारा आणि जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत वहीत उतरवून घ्या. त्या दिवशी ते दुरुस्त करू नका.